गोळ्या की व्हॅक्यूम? नागपुरात गर्भपाताचं ठरवताना आधी दिवस मोजा

नागपुरात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ होतात. ऑटोवाल्याला 'मेडिकल' म्हटलं की तो मेडिकल चौकाकडे गाडी वळवतो आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या गेटसमोर उतरवून देतो. तेच रूममेट जेव्हा कानात सांगते, "अगं, मेडिकलमधून गोळी आण, होऊन जाते," तेव्हा ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाबद्दल बोलत असते. पाळी चुकलेली, घाबरलेली मुलगी बहुतेक वेळा आधी या दुसऱ्या मेडिकलमध्ये जाते. तिथून गडबड झाली की रात्री-बेरात्री पहिल्या मेडिकलमध्ये येते.

स्त्रीरोग विभागात नर्स म्हणून मी बरीच वर्षं काढली. ओपीडीच्या टेबलाशी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे: "सिस्टर, मले गोळीच द्या. क्युरेटिंगचं नाव नका काढू." वाक्य गडचिरोलीहून शिकायला आलेल्या पोरीचं असतं, हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईचंही असतं. गोळी म्हणजे सोपं, आतून करणं म्हणजे भयंकर, असं डोक्यात पक्कं बसलेलं. वेळेत आणि प्रशिक्षित डॉक्टरकडे केल्या तर दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. फरक पडतो तो रक्तस्राव कुठे होणार, किती तास चालणार आणि तेव्हा जवळ कोण असणार, यात. तुमच्या राहत्या जागेच्या संडास-बाथरूमला कडी लागते का, हा प्रश्न मी त्यामुळे आधी विचारायचे. पोरी हसायच्या. मग विचार करायच्या.

पायरी १: कॅलेंडर काढा

दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध कधी आला, टेस्ट कधी केली, यावरून मोजू नका. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. "दोन आठवडेच झालेत, सिस्टर," असं सांगणारी बाई हिशोबाने बहुतेकदा सहा आठवड्यांची निघते, कारण ती पाळी चुकल्यापासून मोजत असते.

समजा शेवटची पाळी १ जूनला आली. २० जुलैला ४९ दिवस, म्हणजे सात आठवडे पूर्ण होतात. ३ ऑगस्टला ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे. २४ ऑगस्टला बारा आठवडे, १९ ऑक्टोबरला वीस आणि १६ नोव्हेंबरला चोवीस. घरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने या पाच तारखांना टिंब द्या. ही पाच टिंबं म्हणजे तुमच्यासमोरची पाच दारं समजा, एकेका तारखेला एकेक बंद होत जातं.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांचाही पर्याय आहे आणि व्हॅक्यूमचाही, म्हणजे नळीने पिशवीतून गर्भ ओढून काढण्याचा. नऊ ते बारा आठवड्यांत साधारणपणे व्हॅक्यूमच. या काळात गोळ्या द्यायच्या तर दवाखान्यात ठेवून, घरी पाठवून नाही. बारा ते वीस आठवड्यांत काम मोठ्या दवाखान्यातच होतं. तिथे भरती करून गोळ्यांचे ठरावीक अंतराने डोस देतात आणि बाळंतपणासारख्या कळा येतात, किंवा पिशवीचं तोंड आधी सैल करून शस्त्रक्रिया करतात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत कायद्याला पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक परिस्थितीतच: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गर्भारपणात झालेला घटस्फोट किंवा आलेलं वैधव्य, मोठं अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर व्यंग, आपत्ती-आणीबाणी. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. बाकी कारणांसाठी लोकांना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठवावं लागतं. बाईचा जीव वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची अट आड येत नाही.

पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर अंदाज लावत बसू नका. सोनोग्राफीत दिवस कळतात.

पायरी २: कुठे जायचं

सरकारी दवाखान्याला गर्भपातासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, कायद्यातच ती दिलेली आहे. नागपुरात गांधीबागजवळचं डागा हे खास बायकांचं सरकारी रुग्णालय. ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं असल्यामुळे तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. मेडिकल आणि रेल्वे स्टेशनजवळचं मेयो ही दोन्ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे सरकारी दर लागतात, ते खाजगीच्या मानाने नगण्य. मिहानमध्ये एम्सही आहे. सरकारी ओपीडीचा नियम एकच, सकाळी लवकर पोचा. साडेअकराला गेलात तर रांग आणि चिडचिड दोन्ही वाट्याला येतील.

खाजगीत जायचं तर धंतोली, रामदासपेठेत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या ओळीने दिसतात. पाटीपेक्षा आत भिंतीवर काय लावलंय ते बघा. गर्भपातासाठी मान्यता मिळालेल्या केंद्राने मान्यतेचं प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावायचं असतं. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या डॉक्टर स्वतःच्या छोट्या क्लिनिकमधूनही देऊ शकतात, पण गरज पडली तर कोणत्या मान्यताप्राप्त केंद्रात पाठवणार, हे त्यांच्याकडे लेखी असावं लागतं. हे विचारायला लाजू नका. 'रात्री दोनला रक्त जास्त गेलं तर मी कुठे यायचं?' असा साधा प्रश्न टाका. उत्तरात दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर यायला हवा. 'काही होत नाही हो' असं उत्तर आलं तर उठून दुसरीकडे जा.

आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना कायद्याने गर्भपात करता येत नाही, गोळ्या देऊनही नाही. दुकानदाराला तर चिठ्ठीशिवाय ही औषधं विकताच येत नाहीत. विकणारे आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. पण विकणारा तुमचे दिवस मोजत नाही, रक्त तपासत नाही आणि गर्भ पिशवीऐवजी बाजूच्या नळीत तर नाही ना, हे त्याला कळायची सोय नाही. नळीतला गर्भ गोळ्यांनी पडत नाही. बाईला वाटतं रक्त गेलं, झालं, आणि पुढे नळी फुटू शकते. तेव्हा प्रश्न गर्भपाताचा उरत नाही, जीव वाचवण्याचा होतो.

पायरी ३: तपासणीत खरं सांगा

पहिल्या भेटीत वजन, बीपी, पोटाची आणि आतून तपासणी, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी एवढं होतं. सोनोग्राफी कायद्याने सक्तीची नाही, तरी बहुतेक डॉक्टर करून घेतात, कारण गर्भ पिशवीतच आहे ना आणि नेमका किती दिवसांचा, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात. गर्भवतीच्या सोनोग्राफीला नाव-पत्त्याचा एक फॉर्म भरावा लागतो. तो लिंगनिदान रोखण्याच्या कायद्याचा आहे. त्यामुळे 'माझं नाव कशाला लिहिता' म्हणून घाबरू नका. आणि मुलगा की मुलगी, हे विचारूच नका. विचारणं, सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

आता आपल्या विदर्भाची गोष्ट. आपल्याकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, खूप आहे. ज्यांच्या घरात कुणाला 'हातपाय दुखण्याचा' जुना आजार आहे, कुणाला वारंवार कावीळ होते, रक्त चढवावं लागतं, त्यांनी आपणहून सांगा आणि टेस्ट झाली नसेल तर करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेल आहे म्हणून गर्भपात होणार नाही असं नसतं, पण डॉक्टर हिमोग्लोबिन बघून, पाणी भरपूर देऊन, गरज लागली तर रक्ताची तयारी ठेवून काम करतात. घरी एकटीने गोळ्या घेणं अशा बाईसाठी चांगलं नाही.

हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली असेल तर गोळ्या टाळतात. कारण सरळ आहे: गोळ्यांत रक्त जास्त दिवस जातं. आत तांबी (कॉपर-टी) असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, रक्त गोठत नसेल, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर सांगा. आधीचं सिझेरियन असेल तर नऊ आठवड्यांच्या आत ते सहसा आड येत नाही, तरीही सांगाच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भाला त्यामुळे त्रास होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ते द्यावं की नाही यावर आता मतं बदलली आहेत, पण आपल्याकडे अजून बरेच डॉक्टर देतात.

दुकानातून आणून आधीच काही घेतलं असेल तर तेही सांगा. काय घेतलं, किती, कधी. रिकामं पाकीट असेल तर तेच टेबलावर ठेवा. रागावणारी माणसं भेटतील, माझ्याही तोंडून कधी शब्द गेलेत. पण उपचार त्या पाकिटावरून ठरतो.

पायरी ४: दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघा

आधी गोळ्या. पाकिटात एक गोळी वेगळी असते आणि चार गोळ्या एकत्र. वेगळी असते ती मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅम. गर्भ टिकवून धरणाऱ्या हार्मोनचं काम ती थांबवते. डॉक्टरसमोर पाण्याबरोबर गिळायची. त्या दिवशी बहुतेकींना काहीच होत नाही, कॉलेज-ऑफिस नेहमीसारखं करता येतं. तासाभरात उलटी झाली तर मात्र डॉक्टरांना फोन करा.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी बाकीच्या चार, मिसोप्रोस्टॉल. या पिशवीला कळा आणतात. डॉक्टर सांगतील तशा त्या गालात, जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायच्या. गालात ठेवायच्या म्हणजे दोन डाव्या आणि दोन उजव्या बाजूला, हिरडी आणि गाल यांच्या मधे, अर्धा तास. चघळायच्या नाहीत, बोलायचं नाही. तंबाखूची गोळी जिथे ठेवतात तिथेच, असं मी सांगायचे, विदर्भात ही खूण लगेच पटते. अर्ध्या तासाने जे उरेल ते पाण्याबरोबर गिळायचं.

एक ते चार तासांत पोटात मुरड सुरू होते. रक्त पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गाठी पडतात, पुढचे काही तास जोर असतो. थंडी वाजते, अंग तापतं, जुलाब होतात, मळमळतं. हे सगळं औषधाचंच आहे आणि दिवसभरात ओसरतं. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन चालते. कळा सुरू होण्याआधीच घेतली तर चांगला उपयोग होतो. पॅरासिटामॉल इथे फार कामाची नाही. जोर ओसरला की रक्त कमी होत जातं, पण थेंब-थेंब दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त चालतं. पंधराव्या दिवशी तपासणीला जायचं.

शंभरातल्या साधारण पंचाण्णव-अठ्ठ्याण्णव जणींचं गोळ्यांनी पूर्ण होतं. उरलेल्यांना काही अंश राहिला म्हणून किंवा गर्भ वाढतच राहिला म्हणून व्हॅक्यूम करावं लागतं. म्हणून पहिली गोळी घेतल्यावर 'आता ठेवू या' असं मन बदलणं धोक्याचं. दुसऱ्या औषधाने बाळात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे गोळ्यांनी पडला नाही तर पुढे तो काढावाच लागतो. मनात किंचितही चलबिचल असेल तर पहिली गोळी तोंडात टाकू नका, दोन दिवस थांबा. कॅलेंडरवरच्या टिंबाकडे नजर ठेवून थांबा, एवढंच.

आता व्हॅक्यूम. लोक अजूनही सगळ्यालाच 'क्युरेटिंग' किंवा 'पिशवी साफ करणं' म्हणतात, पण जुन्या क्युरेटिंगमध्ये आतून खरवडायचे. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की खरवडणं सोडा आणि व्हॅक्यूम वापरा. ठरवताना विचारा, 'व्हॅक्यूमनेच करता ना?' हाताने ओढायची एक प्लॅस्टिकची मोठी सिरिंज असते, ६० मिलिलिटरची. तिला पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड अशी लवचिक नळी लावतात, दिवस जास्त असतील तर आणखी जाड. एका घाबरलेल्या मुलीला मी ती सिरिंज हातात दिली होती. तिने दट्ट्या ओढून पाहिला, सोडला, पुन्हा ओढला आणि म्हणाली, "एवढंच? मले वाटलं मशीन राह्यते मोठी." मोठी मशीनही काही ठिकाणी असते, विजेवर चालणारी. काम तेच करते.

टेबलावर झोपवून पिशवीच्या तोंडाशी भूल देणारं इंजेक्शन देतात, काही ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन किंवा पूर्ण भूल. पूर्ण भूल असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहायला सांगतात. नळी आत जाते आणि ओढून घेतात. पाच ते पंधरा मिनिटांचं काम. शेवटची दोन-तीन मिनिटं पिशवी आकसते तेव्हा पाळीसारखी जोराची कळ येते, ती सांगून ठेवलेली बरी. मग दोन-चार तास पलंगावर, चहा-बिस्किट, आणि घरी. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवहून जास्त जणींचं एका वेळेतच पूर्ण होतं. पुढे थोडं रक्त काही दिवस जातं. धोके आहेत: जंतुसंसर्ग, थोडा अंश राहणं, आणि क्वचित पिशवीला इजा. हजारात एखादीलाही होत नाही अशी ती इजा आहे, पण शून्य नाही. जंतुसंसर्ग टाळायला अँटिबायोटिक देतात.

मग कुणी काय घ्यावं? सात आठवड्यांच्या आत आहात, हिमोग्लोबिन बरं आहे, घरी दोन दिवस मोकळे आहेत, सोबत कळतं असं माणूस आहे, बाथरूम स्वतःचं आहे आणि शरीरात काही घालून घ्यायची कल्पनाच नकोशी वाटते: गोळ्या घ्या. हे बाकी सगळं जुळून दिवस सात-नऊ आठवड्यांचे असतील तरी गोळ्या चालतात, फक्त रक्त आणि दुखणं जरा जास्त.

हॉस्टेलवर आठ जणींत एक बाथरूम आहे, वॉर्डन दार वाजवते, किंवा सासरी दोन खोल्यांत सात माणसं राहतात: व्हॅक्यूमचा विचार करा. 'कुणाला कळू नये' म्हणून मुली गोळ्या मागतात, पण लपवायला गोळ्याच अवघड. चार तास पोट धरून बसलेली, दर अर्ध्या तासाला बाथरूमला जाणारी मुलगी खोलीतल्या सगळ्यांना दिसते. व्हॅक्यूम केलेली मुलगी सकाळी 'लायब्ररीत जाते' म्हणून निघते आणि संध्याकाळी मेट्रोने परत येते.

आणि गाव दूर असेल तर. भामरागड, सिरोंचा, धारणी. पहिली गोळी नागपुरात घेऊन बाकीच्या पर्समध्ये घातल्या आणि एसटीत बसलात, तर कळा कुठे सुरू होतील सांगता येत नाही. दवाखाना तास-दीड तासाच्या आत असेल अशाच जागी त्या चार गोळ्या घ्या. नागपुरात थांबायची सोय नसेल तर एका दिवसात व्हॅक्यूम करून, रात्र काढून, दुसऱ्या दिवशी निघा.

सही कुणाची?

तुमची. वय अठरा पूर्ण असेल तर फक्त तुमची. फॉर्म सी नावाचा संमतीचा कागद असतो, त्यावर नवऱ्याच्या सहीची जागाच नाही. १९७१ च्या कायद्यातही नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने तर गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती'च्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द घातले. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत लग्न झालेली-न झालेली असा भेद करता येणार नाही.

तरीही 'मिस्टरांना घेऊन या' हे वाक्य ऐकायला मिळतं. मी जिथे काम केलं तिथेही एका काळी काउंटरवरचा माणूस बिनदिक्कत हे म्हणायचा आणि बाया मुकाट परत जायच्या. आठवडाभराने कुणाला तरी 'मिस्टर' म्हणून उभं करून परत यायच्या. तो आठवडा आमच्यामुळे वाया गेला, याचा राग अजून जात नाही. असं कुणी म्हटलं तर शांतपणे म्हणा, 'मी सज्ञान आहे, फॉर्म सी माझ्या सहीने भरा.' पूर्ण भुलीसाठी सोबत माणूस मागतात ती गोष्ट वेगळी. ते सोबत घरी न्यायला असतं, परवानगी द्यायला नाही, आणि मैत्रीणही चालते.

अठराच्या आत असाल तर पालकाची संमती लागते आणि मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्याच्या पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. त्याच २०२२ च्या निकालात कोर्टाने म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव-ओळख उघड करायची गरज नाही. हे पालकांना माहीत नसतं आणि त्या भीतीनेच ते मुलीला कुठल्या तरी अंधाऱ्या जागी नेतात.

तुमचं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रजिस्टर कुलपात ठेवायचं असतं.

पायरी ५: त्या दिवशी

गोळ्यांचा दिवस असेल तर दुसऱ्या दिवशी परीक्षा-मिटिंग नको. शुक्रवारी चार गोळ्या घेतल्या की शनिवार-रविवार हाताशी राहतो, पण रविवारी तुमचे डॉक्टर फोन उचलतात का, ते आधीच विचारून ठेवा. मोठे पॅड दोन पाकिटं आणा. कप किंवा टॅम्पॉन नको, किती रक्त गेलं हे मोजता यायला हवं. गरम पाण्याची पिशवी, जुना गाऊन, ओआरएस, वरण-भातासारखं हलकं जेवण. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला पोचलेलं असतं, अशा उन्हात रक्त आणि जुलाब दोन्ही चालू म्हटल्यावर चक्कर यायला वेळ लागत नाही. कूलरसमोर पडून राहा आणि पाणी पीत राहा.

पॅड मोजा, आणि घड्याळ बघून मोजा. मोठे दोन पॅड एका तासात पूर्ण भिजले आणि पुढच्या तासातही तसंच झालं, तर थांबू नका, दवाखान्यात जा. १०८ ला फोन केला की अ‍ॅम्ब्युलन्स येते. चक्कर येऊन पडलात, गोळ्या घेऊन दिवस उलटल्यावरही ताप १००.४ च्या वर आहे, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येतोय, दुखण्याची गोळी घेऊनही पोटात थांबत नाही असं दुखतंय, किंवा एका बाजूला खांद्यापर्यंत कळ जातेय: तरीही जा. आणि उलट बाजू: चार गोळ्या घेऊन चोवीस तास झाले आणि रक्तच गेलं नाही, हाही दवाखान्याचाच मामला आहे. हे मुली विसरतात.

व्हॅक्यूमच्या दिवशी सैल कपडे, पॅड, जुने रिपोर्ट आणि सोबतीला एक माणूस, एवढं पुरे. गाडी स्वतः चालवत येऊ नका.

पायरी ६: पंधरा दिवसांनी

गोळ्या घेतलेल्यांपैकी निम्म्या तरी बाया, आमच्या अनुभवात, पंधराव्या दिवशी येत नाहीत. रक्त थांबलं, बरं वाटतंय, कशाला जायचं. याच भेटीत कळतं की पिशवी रिकामी झाली की नाही. घरच्या किटवर अवलंबून राहू नका, गर्भपात पूर्ण होऊनही ती टेस्ट तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते आणि तुम्ही उगीच घाबराल.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते. पण बीज त्याआधीच सुटतं, दोन आठवड्यांच्या आतही. 'अजून पाळीच आली नाही, आत्ता कुठे दिवस जाणार' या हिशोबाने परत आलेल्या बाया मी पाहिल्यात. व्हॅक्यूम झालं असेल तर तांबी त्याच टेबलावर बसवता येते. गोळ्या घेतल्या असतील तर पंधराव्या दिवशी, सगळं पूर्ण झाल्याची खात्री करून. तोंडाने घ्यायच्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या लगेच सुरू करता येतात. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी फुकट मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते, मग एकदा. ते 'आठवड्याची गोळी' या नावामुळे निसटून जातं.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक: मातृत्व रजेच्या कायद्यात गर्भसमापनानंतरही सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. कारण ऑफिसला सांगायचं की साधी आजारपणाची रजा टाकायची, ते तुम्ही ठरवा.

पुढे मूल होणार नाही, ही भीती प्रत्येकीला असते. नीट झालेल्या गर्भपाताने, गोळ्यांनी किंवा व्हॅक्यूमने, वंध्यत्व येत नाही. अर्धवट राहिलेल्या आणि जंतू शिरू दिलेल्या गर्भपाताने येऊ शकतं.

सिरिंजचा दट्ट्या ओढून पाहणारी ती मुलगी त्याच आठवड्यात व्हॅक्यूम करून गेली. दिवस होते बावन्न, म्हणजे गोळ्याही चालल्या असत्या, पण हॉस्टेलच्या मजल्यावर बाथरूम दोनच होते. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "ते अंतरा आजच टोचता येते का?" टोचलं. कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली, तिने मोबाइलमध्ये त्याच तारखेचा अलार्म लावला, आणि अलार्मचं नाव ठेवलं 'लायब्ररी'.